वाडा, चौरस फुटांत

पुण्यात वाडा पडणे आणि वाडा पाडणे यांत फक्त एका कान्याचा फरक आहे. पण त्या एका कान्यापायी दोन-दोन पिढ्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात. मालक म्हणतो, वाडा पडायला आलाय. भाडेकरू म्हणतो, हा पाडायला टपलाय. महापालिका दर वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर येते आणि दिंडी दरवाज्यावर 'धोकादायक' अशी नोटीस चिकटवून जाते. अशा सात-आठ वर्षांच्या नोटिसा एकावर एक बसल्या की त्यांचाच चांगला जाड थर होतो, आणि दरवाज्याच्या फळ्या त्या थराच्या आधाराने आणखी चार पावसाळे काढतात. वाडा स्वतः या भांडणात पडत नाही. तो शेजारच्या वाड्याला टेकून बसलेला असतो, आणि शेजारचा त्याच्या शेजारच्याला. अशी सगळी आळी एकमेकींना टेकून उभी असते. कडेचा एक कोणीतरी उठला की मग खरी पंचाईत होते.

कडेचा एक उठतो. एके दिवशी वाड्याभोवती निळे पत्रे लागतात, पत्र्यांवर मोठा फलक लागतो, आणि फलकावर आकाशाला भिडलेली इमारत, तिच्यासमोर पुण्यात कधीच नसते इतकी रिकामी सडक आणि सडकेवर हातात हात घालून चाललेले एक गोरे जोडपे असे चित्र असते. खाली लिहिलेले असते, 'पेशवाईचे वैभव, आजच्या सुखसोयी'. पेशवाईचे वैभव म्हणजे काय, तर नावात 'वाडा' हा शब्द ठेवलेला असतो.

अशा वेळी हळहळण्याची पद्धत आहे. वाड्यांबद्दल हळहळणे हा पुण्यातला जुना आणि बिनभांडवली धंदा आहे. मीही तो बरीच वर्षे केला. शाळेत असताना दिवाळीच्या सुट्टीत मावशीकडे पेठेत राहायला जायचो, त्यामुळे माझ्याकडे हळहळण्यापुरता मालही भरपूर होता. चौकातली रांगोळी, माडीवरचा झोपाळा, पहाटे हौदाच्या कठड्यावर घासल्या जाणाऱ्या बंबाचा आवाज, वगैरे. चार माणसांत हा माल काढला की वाहवा होते. पण हा धंदा करता करता एक गोष्ट माझ्या ध्यानात आली, ती सांगतो. वाडा पाडला म्हणून जो माणूस हळहळतो, त्याच्या घरात संडास आत असतो.

ज्यांनी वाडा आतून पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. रस्त्यावरून दिसते ती भिंत आणि एक भक्कम दरवाजा. त्या दरवाज्यात माणूस वाकून जाईल एवढा छोटा दरवाजा, ती दिंडी. आत देवडी. मग एकदम आभाळ दिसते, कारण मध्ये चौक असतो. चौकाभोवती दगडी जोते, जोत्यावर सागवानी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कडीपाट. चारही बाजूंना ओसऱ्या, आत माजघर, मागे परसू, कुठेतरी हौद. पेठांतल्या पुष्कळशा हौदांना पाणी कात्रजचे. नानासाहेब पेशव्यांनी अठराव्या शतकाच्या मध्यावर कात्रजला बांध घालून ते बंद नळाने गावात आणले. वाड्यातली जागा मोजायची ती खणांत. दोन तुळयांमधले अंतर तो खण. "आमच्याकडे दोन खण आहेत" म्हटले की समजावे, बाहेरच्या खणात माणसे आणि आतल्या खणात चूल, माठ, देव आणि आजारी माणूस. दोन खणांत नऊ माणसे राहिलेली मी पाहिली आहेत. तीच नऊ माणसे चौरस फुटांत राहू शकत नाहीत. चौरस फुटांना त्यांची सवय नसते.

फलकावरच्या भाषेत यातले सगळे असते, फक्त नावे बदललेली असतात. देवडीची लॉबी होते. ओसरीची बाल्कनी होते. माडीवरचा झोपाळा वरच्या गच्चीवर 'ज्येष्ठ नागरिक कट्टा' होऊन बसतो. चौकाचे मात्र जमत नाही. चौक म्हणजे मधोमध चांगली हजार-दीड हजार फूट जागा, जिच्यावर कोणीच काही बांधलेले नाही आणि जी कोणा एकाची नाही. बिल्डरला ही कल्पनाच सहन होत नाही. इतकी वर्षे इतकी जागा इतक्या माणसांनी नुसती ऊन पडण्यासाठी ठेवली, हे ऐकून आमच्या बिल्डरला खरोखरच वाईट वाटले होते.

आता तत्त्वज्ञानाचा प्रश्न. वाडा पाडून त्याच जागी, त्याच नावाने, त्याच मालकाची आणि त्याच भाडेकरूंची इमारत उभी केली, तर तो तोच वाडा की दुसरा? प्रश्न जुना आहे. ग्रीकांनी तो थीसियसच्या जहाजावरून विचारला. फळी फळी बदलत सगळे जहाज बदलले, मग जहाज तेच का? आपल्याकडे मिलिंद राजा नागसेनाकडे गेला तेव्हा नागसेनाने त्याच्याच रथाचा दाखला दिला. चाक म्हणजे रथ का? नाही. आस म्हणजे रथ का? नाही. जू म्हणजे रथ का? तेही नाही. मग रथ कुठे आहे? राजा होता म्हणून 'रथ' हे नुसते नाव, एवढ्यावर त्याने भागवले. पेठेतला भाडेकरू असता तर म्हणाला असता, रथ कुठेही असो, माझी त्यातली बसायची जागा कागदावर लिहून द्या.

पुण्यात या प्रश्नाची उत्तरे उभी आहेत, आणि ती एकमेकांशी जुळत नाहीत. शनिवारवाड्याची वास्तुशांत १७३२ साली झाली. बांधायला १६,११० रुपये लागले असे सांगतात. आज तेवढ्यात त्या पेठेतल्या एका चौरस फुटाची बोलणी सुरू करता येतात. १८२८ साली तो जळाला, आतले लाकडी महाल सगळे गेले, उरला तट, दरवाजे आणि जोती. म्हणजे खरे तर वाडा गेला आणि कुंपण राहिले. पण आपण त्या कुंपणालाच शनिवारवाडा म्हणतो, तिकीट काढून आत जातो आणि हिरवळीवर बसून शेंगा खातो. उलट कोथरूडच्या मस्तानी महालाची जागा गेली, पण त्याचे खांब-कमानी केळकर संग्रहालयात आणून पुन्हा उभ्या केल्या. तिथे जागा दुसरी, महाल तोच. आणि तिसरा दाखला भिडेवाड्याचा. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८४८ साली मुलींची शाळा काढली ती तिथे. त्या वाड्याचे राष्ट्रीय स्मारक करायचे म्हणून वर्षानुवर्षे खटला चालला, आणि सर्वोच्च न्यायालयात निकाल लागल्यावर डिसेंबर २०२३ मध्ये महापालिकेने वाडा ताब्यात घेऊन पाडला. स्मारकासाठी मूळ वास्तूच पाडावी लागली, यावर हसणारे हसले. मला त्यात हसण्यासारखे काही वाटले नाही. त्या वाड्याचे मोठेपण त्याच्या तुळयांत नव्हते. तिथे कोणाला आत घेतले, यात होते. नागसेनालाही हे मान्य झाले असते.

तेव्हा वाडा तोच की दुसरा हा प्रश्न मी विद्वानांवर सोपवतो. माझा प्रश्न मावशीच्या वाड्यावरून निघाला आहे आणि तो जरा अडचणीचा आहे.

मावशीचे दोन खण पहिल्या मजल्यावर. भाडे साडेआठ रुपये. ते तिच्या सासऱ्यांच्या वेळेपासून तेवढेच होते, कारण १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे होते तेच प्रमाण भाडे धरले आणि घड्याळ तिथे थांबवले. युद्धाच्या आणि फाळणीच्या दिवसांत हा कायदा नसता तर हजारो माणसे रस्त्यावर आली असती, हे खरे. आणि त्याच कायद्याने हजारो वाड्यांची कौले फोडली, हेही खरे. साडेआठ रुपयांत मालकाने दुरुस्ती करायची कशाने? चौकातल्या नळाचा वायसर बदलायला प्लंबर त्याहून जास्त घेई. १९९७ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने असे गोठवलेले भाडे अवाजवी आहे असा निर्वाळा दिला, मग १९९९ चा नवा कायदा आला आणि मालकांना दर साल ४ टक्के वाढ करण्याची मुभा मिळाली. साडेआठ रुपयांवर ४ टक्के म्हणजे चौतीस पैसे. ते मागायला मालकांनी जिना चढून वर यायचे, तर गुडघेदुखीचे औषध महाग पडे.

मालक तसा सज्जन माणूस. गोष्टींतून असतो तसा दुष्ट घरमालक त्यांना होताच आले नाही. त्यालाही थोडे भांडवल लागते. एवढ्या मोठ्या वाड्याचे धनी, पण स्वतःच्या दिवाणखान्यात पावसाळ्यात तीन घमेली लावून त्यांच्यामधून वाट काढीत चालत. जाणारे-येणारे त्यांच्या दरवाज्याच्या गणेशपट्टीचे फोटो काढून नेत. परदेशी पाहुणे तर दरवाज्याला हात लावून डोळे मिटून उभे राहत. "या सगळ्यांनी प्रत्येकी एक कौल आणून दिलं असतं ना," मालक एकदा म्हणाले, "तर छप्पर शाकारून झालं असतं." वारसा जपा म्हणणाऱ्यांना हे उत्तर देता येण्यासारखे नाही. शोभा गावाची आणि शाकारणी एकट्याची, असा हा व्यवहार आहे. मुंबईने १९९५ साली वारसा वास्तूंसाठी नियम केले, मग पुण्यातही याद्या झाल्या, श्रेण्या पडल्या. जुनी वास्तू राखणाऱ्याला न वापरलेल्या बांधकामाचा हक्क दुसरीकडे विकता यावा, अशीही सोय निघाली. कल्पना उत्तम आहे. पण यादीत नाव यायला वाड्यात कोणीतरी इतिहासप्रसिद्ध माणूस राहून गेलेला बरा. आमच्या वाड्यात नुसतीच माणसे राहून गेली होती.

तर सुमारे दहा वर्षांपूर्वी मावशीच्या वाड्याला पत्रे लागले. मी माझा हळहळीचा माल घेऊन तिला भेटायला गेलो. ती तात्पुरत्या भाड्याच्या जागेत सामान लावीत होती. मी म्हटले, "मावशी, वाईट वाटत असेल ना?"

"वाटतंय ना," ती म्हणाली. "चाळीस वर्षांपूर्वी का नाही पाडला?"

तिचे म्हणणे समजायला वाड्याच्या मागच्या बाजूला जावे लागते. तिथे सगळ्या वाड्याला मिळून तीन संडास होते. त्यांतल्या दोहोंच्या कड्या तुटलेल्या आणि तिसऱ्याला कडी होती पण दार नीट लागत नव्हते. आत असलेल्या माणसाने खाकरायचे, हीच कडी. पुरुषमाणसे मोठ्याने खाकरत. काहीजण नाट्यसंगीत म्हणत. बायकांनी काय करायचे? मोठ्याने खाकरणे शोभत नाही आणि हळू खाकरले तर बाहेर ऐकू जात नाही. म्हणून त्या पहाटे चारला उठत. 'आमच्या वेळी बायका ब्राह्ममुहूर्तावर उठत' असे जे आपण कौतुकाने सांगतो, त्यातला पुष्कळसा भाग या कडीचा आहे. नव्या इमारतीत मावशीला तीनशे चौरस फूट मिळाले. शहात्तराव्या वर्षी. मी वास्तुशांतीला गेलो तेव्हा तिने मला हॉल दाखवला नाही, ओटा दाखवला नाही. संडासाच्या दारापाशी नेले आणि कडी लावून, काढून, पुन्हा लावून दाखवली. "आतून लागते," म्हणाली. त्या सागवानी खांबांवरच्या केळफुलांबद्दल मी पुढे काही बोललो नाही.

आणि केळफुले तरी कोणासाठी होती? कोरीव महिरपी दिवाणखान्याला, म्हणजे पुरुषांना. मावशीच्या आतेसासूबाई बालविधवा होत्या. आलवण नेसून त्या माजघरामागच्या खोलीत राहिल्या. त्या खोलीला एक झरोका होता, विटेएवढा. त्यांनी वाड्याचा दर्शनी दरवाजा आयुष्यात किती वेळा बाहेरून पाहिला असेल, हे बोटांवर मोजता येईल असे मावशी सांगते. परसामागे एक बोळ होता. पाटीचे संडास होते त्या काळात ते साफ करणारी माणसे त्या बोळातून येत आणि त्या बोळातूनच जात. पिढ्यान् पिढ्या ती त्या वाड्यात येत होती आणि त्यांतल्या एकानेही तो चौक पाहिलेला नव्हता. वास्तुशिल्पाच्या पुस्तकांत वाड्याचे नकाशे असतात. त्यांत हा बोळ एका बारीक रेघेने दाखवलेला असतो. आम्ही ज्याला जिव्हाळा म्हणतो तो चौकाच्या चार भिंतींच्या आतला. चौकात कोणी आजारी पडले तर सगळ्यांना कळे, सगळे धावत. तसेच कोणाची सून रडली तर तेही सगळ्यांना कळे, आणि तेव्हा सगळे ऐकत.

एवढे सगळे कळल्यावर माणसाने हळहळणे सोडून द्यावे आणि नव्या लिफ्टचे बटण दाबावे, हे सरळ आहे. मीही दाबले असते. पण मध्ये अण्णा येतात.

अण्णा जिन्याखाली राहत. चौकातून माडीवर जायचा दगडी जिना होता. त्याच्या पोटात साडेतीन हात बाय पाच हात अशी एक तिरकी जागा. एका टोकाला उभे राहता येई, दुसऱ्या टोकाला फक्त झोपता येई. तिथे अण्णांची ट्रंक, वळकटी, स्टोव्ह आणि एक आरसा. मालकांच्या वडिलांच्या कुठल्याशा चुलत नात्यातले. १९७० साली जुन्या अकरावीच्या परीक्षेसाठी चार दिवस म्हणून आले. परीक्षा झाली, निकाल लागला, मालकांचे वडील वारले, अण्णा राहिले. एका छापखान्यात खिळे जुळवायला लागले. पुढे खिळ्यांचे छापखानेच गेले, तेव्हा पुस्तकबांधणी केली, मग तेही हातून होईना. लग्न केले नाही. जिन्याखाली बायको कशी आणणार? भाडे कधी कोणी मागितले नाही, त्यांनी कधी दिले नाही. त्याबदली, म्हणजे बदली असे कोणी ठरवलेले नव्हते, पण वाड्याचे दिवे लावणे-मालवणे, रात्री दिंडीला अडसर घालणे, नळाला पाणी आले की थाळी वाजवणे, दवाखान्यात कोणाला न्यायचे झाल्यास बरोबर जाणे, दहावीच्या मुलांची वाक्ये तपासणे, हे सगळे अण्णा करीत. सोमवारी एकाकडे जेवण, गुरुवारी दुसऱ्याकडे, संकष्टीला मावशीकडे. जुन्या पुण्यात विद्यार्थी वार लावून जेवत. अण्णांचे वार परीक्षा संपून पंचेचाळीस वर्षे झाली तरी चालूच होते.

बिल्डरने यादी केली. पात्र भाडेकरू अकरा. पात्र म्हणजे ज्याच्याकडे पावती आहे, विजेचे बिल आहे, शिधापत्रिका आहे. अण्णांची शिधापत्रिका मालकांच्या कुटुंबात 'इतर' म्हणून. विजेचा दिवा जिन्यातला, म्हणजे सगळ्यांचा. पावती अर्थातच नाही. पंचेचाळीस वर्षे एकाच जागी राहून अण्णांच्या नावावर काय होते, तर वाचनालयाचे कार्ड.

बैठक मालकांच्या दिवाणखान्यात घमेली बाजूला सारून झाली. मावशीला बैठकांचा कंटाळा, म्हणून तिच्या वतीने मी होतो. निघताना तिने बजावले होते, "आपलं काय ते होईल. अण्णांचं विचार." मी विचारले. बिल्डर फार नम्रपणे म्हणाले, "साहेब, माझी काही हरकत नाही. यादीत बसवा, मी देतो. पण यादी मी बनवत नाही, कायदा बनवतो." मालक म्हणाले, "वडिलांनी त्यांना ठेवून घेतलं होतं. मी त्यांना काढलं का कधी? पण जागा द्यायची तर माझ्या वाट्यातून जाणार, आणि मला तीन मुली." तेही खरे होते. भाडेकरूंपैकी एकजण म्हणाले, प्रत्येकाने आपापल्या जागेतले पंचवीस-पंचवीस फूट सोडले तर एक खोली होईल. हिशेब बरोबर होता. अकरा पंचविसे पावणेतीनशे. मग कोणीतरी विचारले, त्या खोलीची मालकी कोणाची, मेन्टेनन्स कोण भरणार, आणि अण्णांच्या पश्चात ती कोणाकडे जाणार? हेही प्रश्न बरोबर होते. त्या संध्याकाळी दिवाणखान्यात एकही माणूस चुकीचे बोलला नाही. चहा झाला आणि पुढचा विषय, पार्किंग, सुरू झाला.

मी त्या दिवसापासून एका गोष्टीचा विचार करतो आहे. या व्यवहारात लबाडी कुठे झाली? कुठेही नाही. ज्याचा कागद होता त्या प्रत्येकाला त्याचे माप मिळाले. कोणाला इंचभर कमी नाही. इमारत तीन महिने उशिरा का होईना पुरी झाली. असे सचोटीचे बिल्डर विरळा. तरीही काहीतरी बुडाले, आणि जे बुडाले ते कोणाच्याही वहीत जमेला मांडलेले नव्हते म्हणून खर्चीही पडले नाही. वाड्यात दोन प्रकारची माणसे राहत. हक्काने राहणारी आणि नुसतीच राहणारी. वाड्याचे सगळे वाईट मी वर सांगितले आहे, त्यातला एक शब्द मागे घेत नाही. पण नुसत्याच राहणाऱ्याला त्यात जागा होती. त्याला कोणी बोलावलेले नव्हते आणि जा म्हणण्याचा वाईटपणा कोणी घेत नव्हते. बस्स, एवढ्यावर माणसाचे आयुष्य निघत असे. ती दया होती असेही मला वाटत नाही. दया करायला कोणीतरी उठून काही करावे लागते. ते नुसते ढिलेपण होते. आतेसासूबाईंना खोलीत कोंडणारी जी रीत होती, तीच रीत अण्णांना जिन्याखाली राहू देत होती. पहिलीसाठी मला तिचा राग येतो आणि दुसऱ्यासाठी तिची आठवण येते, आणि या दोन गोष्टी वेगळ्या करून फक्त एकच नव्या इमारतीत कशी न्यायची, ते मला कोणी सांगितलेले नाही. आर्किटेक्टला मी विचारले होते. तो म्हणाला, पॅसेजमध्ये एक बाक टाकतो.

मावशीचे म्हणणे याहून सोपे आहे. ती म्हणते, "कडीही पाहिजे आणि अण्णाही पाहिजेत. दोन्ही एका वेळी मागायला काय झालं? तुम्ही शिकलेले लोक एक घेतलं की दुसरं सोडायलाच निघता."

अण्णांना वाड्याने निरोप दिला. शाल, श्रीफळ आणि सगळ्यांनी वर्गणी काढून जमवलेले एक पाकीट. अध्यक्षस्थानी मालक. भाषणांत 'वाड्याचा आत्मा' हा शब्द तीनदा आला. अण्णांनी पाकीट घेतले, उघडून पाहिले नाही, आणि मावशीला म्हणाले, "वहिनी, स्टोव्ह तुमच्याकडे ठेवतो. परत येईन तेव्हा नेईन." सांगलीकडे एक पुतण्या होता, त्याच्याकडे गेले. तिथे त्यांना स्वतंत्र खोली मिळाली, खिडकीची. पत्र आले होते. पत्रात विचारले होते की पाणी आल्याचे आता कोण सांगते? नव्या इमारतीत पाणी चोवीस तास असते. मावशीने उत्तरात ते कळवले नाही. "पाण्याचे फार हाल आहेत," असे लिहिले. तीन वर्षांनी अण्णा गेले. स्टोव्ह मावशीच्या माळ्यावर आहे.

इमारत चांगली आहे. दारावरची गणेशपट्टी मालकांनी बिल्डरकडून मागून घेतली आणि लॉबीत काचेआड लावली. तिच्यावर एक लहान दिवाही सोडला आहे. खांब जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याने नेले. त्यांतले चार नगर रस्त्यावरच्या एका हॉटेलात उभे आहेत असे ऐकतो. तिथे थाळीला 'वाडा भोजन' म्हणतात आणि आत जाताना फेटा बांधतात. आतेसासूबाईंच्या खोलीच्या जागी बरोबर लिफ्ट आली आहे. त्यांना पुष्कळ वर्षे बाहेर यायचे होते, हे लक्षात घेता ते ठीकच झाले.

आणि लिफ्ट आहे म्हणून जिना कोणी वापरत नाही. तरी जिना बांधावा लागतोच, नियम आहे, आणि जिना म्हटला की त्याच्याखाली तिरकी जागा आलीच. मंजूर नकाशात तिथे 'मीटर रूम' असे लिहिलेले आहे. मीटर एका भिंतीवर आहेत. उरलेल्या जागेत गेल्या दिवाळीपासून वॉचमन, त्याची बायको आणि सहा वर्षांचा मुलगा राहतात. वॉचमन परभणीकडचा. चार दिवसांसाठी बायको-मुलाला आणतो म्हणाला होता. मुलगा शाळेत जातो, आणि संकष्टीला मावशीकडे जेवतो.

गेल्या महिन्यात सोसायटीची नोटीस आली. वार्षिक सभा, विषय क्रमांक सात : 'जिन्याखालील जागेचा अनधिकृत वापर'. मावशी आता सहाऐंशीची आहे, पण नोटिसा स्वतः वाचते. तिने मला फोन केला.

"सभेला तू जा माझ्या वतीनं."

मी म्हटले, "जातो. पण बोलायचं काय? कायद्यानं बघितलं तर त्यांचं चूक नाही. आग लागली, शॉर्टसर्किट झालं, तर जबाबदारी कोणाची? शिवाय ती मीटरची खोली..."

"तू काही बोलूच नकोस," मावशी म्हणाली. "गेल्या वेळी बोललास, काय झालं? सहा विषय होईपर्यंत गप्प बस. सातवा आला की म्हण, आज उशीर झालाय, पुढच्या सभेत घ्या."

"आणि पुढच्या सभेत?"

"तेव्हाही उशीर होईलच की. अण्णांचा विषय पंचेचाळीस वर्षं कोणी काढला नव्हता."